अहिराणी गाण्यांच्या यूट्यूब चॅनलवर पैसे कधी सुरू होतात आणि कुठे अडकतात?

तुम्ही विचारलंय ते असं: अमळनेर तालुक्यातून अहिराणी गाणी आणि विनोदी प्रसंगांचं यूट्यूब चॅनल चालवता, चॅनलला १४ महिने झाले, १,३४० सबस्क्रायबर आहेत, पाहण्याचे २,१०० तास दिसतात, शॉर्ट्सवर सगळे मिळून सहा लाख व्ह्यूज आहेत. मग पैसे का सुरू होत नाहीत, आणि झाले तर किती मिळतील?

आधी तासांचा हिशेब. जाहिरातींच्या पैशांसाठी १,००० सबस्क्रायबर लागतात, ते तुमच्याकडे आहेत. त्याच्या जोडीला गेल्या १२ महिन्यांत लांब व्हिडिओंवर ४,००० तास किंवा गेल्या ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज, यातलं एक पुरं व्हावं लागतं. निम्मं इकडचं, निम्मं तिकडचं अशी बेरीज होत नाही. शॉर्ट्सच्या फीडमध्ये लोकांनी घालवलेला वेळ त्या ४,००० तासांत धरत नाहीत, म्हणून सहा लाख व्ह्यूज असूनही तासांचा आकडा हललेला नाही.

तुमचं चॅनल १२ महिन्यांपेक्षा जुनं आहे, त्यामुळे आणखी एक गोष्ट रोज घडतेय. मागच्या वर्षी याच दिवशी मिळालेले तास आज गळून पडतात. सुरुवातीच्या महिन्यांत एखादं गाणं चाललं असेल तर नवे व्हिडिओ टाकूनही आकडा खाली जाताना दिसेल. त्यात जुने व्हिडिओ डिलीट केले, प्रायव्हेट केले, तर त्यांचे तासही जातात. पैसे देऊन यूट्यूबवर व्हिडिओची जाहिरात केली, तर तिथून आलेला वेळ पात्रतेत धरत नाहीत. लाइव्हचे तास मात्र धरतात, पण लाइव्ह संपल्यावर तो व्हिडिओ पब्लिक ठेवला तरच.

तुम्हाला १,९०० तास हवेत. समजा तुमचा प्रसंग ९ मिनिटांचा आहे आणि लोक तो सरासरी साडेतीन मिनिटं पाहतात. मग दर हजार व्ह्यूजमागे साधारण ५८ तास मिळतात. म्हणजे ३२ ते ३३ हजार व्ह्यूजचं काम उरलंय. चांगले पाच-सहा भाग तेवढं करून देऊ शकतात. यूट्यूब स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये प्रत्येक व्हिडिओचा सरासरी पाहण्याचा वेळ दिसतो, तो घेऊन हा हिशेब स्वतःच्या आकड्यांवर करा. साडेतीनचे साडेचार मिनिटं झाले तर तेच काम साधारण सव्वापंचवीस हजार व्ह्यूजमध्ये होतं. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटातली नावं, लोगो आणि ‘नमस्कार मंडळी’ काढून थेट भांडणाच्या वाक्यावर सुरुवात करणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

४,००० च्या आधीही एक पायरी आहे: ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ पब्लिक अपलोड आणि ३,००० तास (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर ३० लाख व्ह्यूज). तिथं जाहिरातींचा वाटा नाही, पण मेंबरशिप (महिन्याला पैसे देणारे सदस्य) आणि लाइव्हमधलं सुपर चॅट (प्रेक्षकानं पैसे देऊन टाकलेला मेसेज) उघडतं, आणि त्यातले ७० टक्के तुमचे. गावाकडच्या गाण्यासाठी जीव टाकणारा सुरतचा, पुण्याचा खान्देशी माणूस तुमच्या लाइव्हला येत असेल, तर ही पायरी सोडू नका.

व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘तू माझं बघ, मी तुझं बघतो’ किंवा टेलिग्रामवर तास विकत घेणं, दोन्ही टाळा. अशानं पुढे अवैध ट्रॅफिकच्या (खोट्या व्ह्यूजच्या) नावाखाली ॲडसेन्स, म्हणजे गूगल ज्यातून पैसे देतं ते खातं, बंद होऊ शकतं, आणि ते परत मिळवणं फार कठीण. पैसे सुरू झाल्यावर स्वतःच्या किंवा घरातल्यांच्या मोबाईलवरून मुद्दाम जाहिरातींवर टिचक्या मारणंही त्यातच येतं.

आता गाण्यांचं. तुमच्या चॅनलची खरी जोखीम इथं आहे, तासांत नाही. कानबाईची, आखाजीची पारंपरिक गाणी कोणा एकाच्या मालकीची नाहीत. ती गा, वाजवा. पण त्याच गाण्याचं एखाद्या कंपनीनं केलेलं रेकॉर्डिंग त्या कंपनीचं असतं. ते मागं लावून तुम्ही नाचलात, तर यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ते ओळखते आणि व्हिडिओचे पैसे मालकाकडे वळतात. याला दावा म्हणतात. त्यानं चॅनल जात नाही. मालकानं व्हिडिओ काढायलाच लावला तर तो स्ट्राइक, आणि ९० दिवसांत ३ स्ट्राइक म्हणजे चॅनल बंद. गाण्याची पट्टी चढवून, वेग वाढवून यंत्रणेला चकवण्याचे सल्ले मिळतील. आज सुटलेलं गाणं सहा महिन्यांनी पकडलं जातं, तेव्हा त्यावर उभी राहिलेली कमाईही जाते. लग्नाच्या वरातीत मागं डीजे वाजत असेल तरी हेच.

स्वतःचं गाणं केलं म्हणजे सुटलो, असंही नाही. स्टुडिओवाला म्हणतो, ‘गाणं सगळ्या ॲपवर टाकून देतो’, आणि वितरकाच्या (ॲप्सवर गाणी पोचवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्ममध्ये कंटेंट आयडीच्या चौकटीवर खूण करतो. आठवड्यानं तुमच्याच चॅनलवर, तुमच्याच गाण्यावर, स्टुडिओच्या नावानं दावा येतो. रेकॉर्डिंगचे पैसे देण्याआधी दोन वाक्यं लेखी घ्या: मास्टर म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचा मालक कोण, आणि गाणं कुठंही वितरित केलं तरी तुमचं चॅनल मोकळ्या यादीत (जिथं दावा लागत नाही) राहील. दुसरा घोळ ‘फ्री बीट’चा, म्हणजे गाण्यामागं लावायच्या तयार संगीताचा. नेटवरून उतरवलेला किंवा थोड्या पैशांत घेतलेला बीट तोच आणखी पन्नास जणांनी घेतलेला असतो. त्यातल्या एकानं आपलं गाणं कंटेंट आयडीत घातलं की बाकी सगळ्यांवर दावे येतात. असा बीट कंटेंट आयडीत घालणं नियमात बसत नाही, म्हणून हा दावा तुम्ही आव्हान देऊन उतरवू शकता. आव्हान दाव्यापासून ५ दिवसांच्या आत दिलंत तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला राखून ठेवले जातात. उशीर केला तर आव्हान दिल्यापासूनचेच. समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात. हातात बीटच्या परवान्याची पावती असेल तरच आव्हान द्या. शक्य असेल तर गावातल्या बँडच्या पोरांकडून ढोल, संबळ नव्यानं वाजवून घ्या. खर्च थोडा वाढतो, पण आवाजही अहिराणी गाण्याला शोभतो.

गीतकार, गायक, संगीत करणारा, नाचणारी मंडळी यांच्याशी कागद करा. मैत्रीतलं गाणं दहा लाखांवर गेलं की मैत्रीत ताण येतो, म्हणून आधीच. हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच लागतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून गाण्याचं नाव, मुदत, ‘जगभर’ हा शब्द, एकरकमी किती आणि कमाईतला वाटा किती, हे पाचही लिहा.

अर्ज केल्यावर माणसं चॅनल तपासतात: मुख्य विषय, सर्वांत पाहिलेले व्हिडिओ, सर्वांत नवे व्हिडिओ, जास्त तास देणारे व्हिडिओ, शीर्षकं, ‘अबाउट’ची माहिती. इतरांच्या क्लिपा जोडलेले किंवा एकाच फोटोवर गाणं लावलेले व्हिडिओ तिथं ‘पुनर्वापर’ म्हणून अडकतात. अर्ज करण्याआधी असे व्हिडिओ काढा, पण काढल्यावर तास ४,००० च्या खाली जात नाहीत ना ते आधी मोजा. ‘अबाउट’मध्ये कोण लिहितं, कोण गातं, कुठं चित्रित होतं ते लिहा. तपासणीला साधारण महिना लागतो. नकार आला तर २१ दिवसांत अपील करता येतं किंवा पहिल्या नकारानंतर ३० दिवसांनी पुन्हा अर्ज. त्यापुढच्या नकारानंतर ९० दिवस थांबावं लागतं.

कागदपत्रांत एकच सूत्र पाळा: पॅन, बँक खातं आणि ॲडसेन्स, तिन्हींवर अक्षरशः तेच नाव. खान्देशात चॅनल चुलतभावाच्या जीमेलवर, मोबाईल नंबर वडिलांचा, बँक खातं आईचं असं सर्रास असतं, आणि पैसे तिथं अडतात. एका माणसाचं एकच ॲडसेन्स चालतं. दुसरं उघडलं की नाकारतात. पूर्वी ब्लॉगसाठी उघडलेलं पडून असेल तर तेच जोडा. वय १८ च्या खाली असेल तर पालकाच्या नावानं.

कमाई १० डॉलरला पोचली की पत्त्यावर टपालानं ६ अंकी पिन येतो, साधारण २ ते ४ आठवड्यांत. पत्ता रोमन लिपीत, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि बरोबर पिनकोडसह द्या, आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवा. वाडी-वस्तीवर ही पाकिटं पोस्टातच पडून राहतात. ४ महिन्यांत पिन टाकला नाही तर कमाई थांबते.

अमेरिकी कराचा फॉर्म भारतीयांनाही भरावा लागतो. व्यक्ती म्हणून डब्ल्यू-८बेन निवडा, परदेशी कर क्रमांकाच्या जागी पॅन टाका आणि भारत-अमेरिका कराराचा १५ टक्के दर मागा. हा कर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर लागतो, म्हणजे तुमच्या बाबतीत किरकोळ. फॉर्मच भरला नाही तर मात्र जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापतात.

पैसे १०० डॉलर साचल्यावरच निघतात. महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या ७ ते १२ तारखेदरम्यान पक्की होते आणि २१ ते २६ दरम्यान सुटते. बँकेचा आयएफएससी आणि स्विफ्ट कोड दोन्ही लागतात. तालुक्याच्या शाखेला बहुतेक वेळा स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. शाखेत विचारा की परदेशी रक्कम कोणत्या शाखेमार्फत येते, आणि त्या शाखेचा कोड घ्या. पहिल्यांदा बँक रक्कम कशाची ते विचारेल. जाहिरात सेवेचं उत्पन्न असं लिहून द्या आणि परदेशी रक्कम आल्याचा दाखला मागून ठेवा. आयकराच्या विवरणपत्रात हे उत्पन्न व्यवसायाचं म्हणून दाखवायचं.

किती मिळतील? लांब व्हिडिओच्या जाहिरातींतले ५५ टक्के तुमचे, शॉर्ट्सच्या वाट्यातले ४५. शॉर्टमध्ये यूट्यूबच्या संग्रहातलं एक गाणं लावलं तर त्या व्ह्यूजच्या पैशांपैकी निम्मे आधीच संगीताकडे जातात. पाहायचा आकडा आरपीएम: हजार व्ह्यूजमागे तुमच्या हाती काय आलं ते. समजा तो ३० रुपये निघाला आणि डॉलर ९० रुपये धरला, तर पहिले १०० डॉलर व्हायला लांब व्हिडिओंचे ३ लाख व्ह्यूज लागतील. व्हिडिओ ८ मिनिटांच्या पुढे असेल तर मध्ये जाहिरात बसते. प्रसंग तेवढा भरत नसेल तर ताणू नका, लोक उठून जातात. दिवाळीच्या महिन्यांत आरपीएम चढतो, जानेवारीत उतरतो. व्हिडिओ नीट चाललेला असूनही जानेवारीत पैसे घटले तर घाबरू नका.

या आकड्यांवर घर चालत नाही, हे सरळ सांगतो. अहिराणी चॅनलची ताकद अशी की धुळे, जळगाव, नंदुरबारचा दुकानदार जे गिऱ्हाईक शोधतो, तेच तुमच्याकडे गोळा झालेलं असतं. ट्रॅक्टरचा डीलर, ठिबकवाला, लग्नाचा मंडप, शेवभाजीचं हॉटेल, यांच्याशी बोला. दर सबस्क्रायबरवर नाही, शेवटच्या १० व्हिडिओंना ३० दिवसांत सरासरी किती व्ह्यूज आले आणि त्यातले किती महाराष्ट्रातले, यावर ठरवा. किती सेकंद, किती वेळा बदल, तुमची क्लिप ते स्वतःच्या जाहिरातीत वापरणार का, हे मेसेजवर लिहून घ्या आणि निम्मे पैसे आधी. व्हिडिओत ‘सशुल्क प्रचार’ची खूण करा आणि तोंडानंही सांगा, खोट्या दाव्याच्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. पैशांऐवजी वस्तू मिळाली आणि वर्षभरात एकाकडून तिची किंमत २०,००० च्या पुढे गेली तर १० टक्के टीडीएसचा नियम लागतो.

दोन जाहिराती कितीही पैसे दिले तरी घेऊ नका. एक, तणनाशक सहन करणारं बिनपरवाना कपाशीचं बियाणं. ते बेकायदेशीर आहे आणि तुमचं ऐकून शेतकरी त्यात पैसे घालेल. दुसरी, पैशांच्या खेळांची ॲप्स. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं त्यांच्या जाहिरातीलाही २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड ठेवलाय.

आणि चॅनल वाढलं की ईमेलवर ‘प्रायोजकत्वाचा करार’ म्हणून झिप फाइल किंवा सॉफ्टवेअर येईल. ती संगणकावर उघडली की ब्राउझरमधलं लॉगिन चोरलं जातं. पासवर्ड आणि ओटीपी न विचारताच चॅनल हातचं जातं. खरा करार बहुतेक वेळा पीडीएफमध्ये येतो आणि त्याआधी बोलणं झालेलं असतं. एडिटिंग करणाऱ्या मुलाला पासवर्ड देऊ नका. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये ‘परवानग्या’त त्याच्या जीमेलला ‘एडिटर’ करा, काम सुटलं की एका टिचकीत काढता येतं.