दम्यासाठी आई वर्षभर रोज प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी घेते. तिचे मोडलेले मनगट उशिरा जुळेल का?

हो, उशीर होऊ शकतो, कारण प्रेडनिसोलोन शरीरातील कॉर्टिसॉल या हार्मोनसारखेच काम करते: मोडलेल्या टोकांभोवती पहिल्या काही दिवसांत येणारी सूज, जिच्यापासून खरे तर सांधणीला सुरुवात होते, ती ते दडपते आणि पुढे नवे हाड रचणाऱ्या पेशींची संख्याही घटवते. मनगटाचे प्लास्टर एरवी साधारण ६ आठवड्यांनी निघते. तुमच्या आईंच्या बाबतीत एक्स-रे पाहूनच ते ठरवावे. मात्र गोळी परस्पर बंद करू नये, कारण इतके दिवस बाहेरून पुरवठा झाल्याने मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींनी स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी केलेले असते आणि अचानक खंड पडल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो. दम्याच्या पंपाचा हाडांवरील परिणाम गोळीच्या मानाने बराच कमी असतो.