एनडीए हुकलं की सगळंच हुकलं का?

बारावीचे निकाल लागले की माझ्याकडं, म्हणजे समुपदेशकाकडं, हा प्रश्न ठरलेला. दारव्हा, दिग्रस, आर्णी, कुठून कुठून एसटीनं बाप-लेक येतात आणि खुर्चीवर टेकायच्या आत बाप म्हणतो, "मॅडम, पोट्ट्याचं एनडीए गेलं जी, आता त्या कॉलेजच्या एनसीसीत काय ठेवलं आहे?" एनडीए म्हणजे बारावीनंतर सैन्यात ऑफिसर व्हायची अकादमी, एनसीसी म्हणजे कॉलेजात शिकता शिकता मिळणारं लष्करी ट्रेनिंग. या वर्षी पाचव्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं लिहूनच टाकावं. हे पोरगं गेल्या वर्षीचं, ओळखू येऊ नये म्हणून थोडं बदललंय.

बीए फर्स्ट इयर संपलेलं, वय साडेएकोणीसच्या पुढं, म्हणजे एनडीएचं दार वयानंच बंद. दोनदा लेखी दिली, दोन्ही वेळा गणितानं खाल्लं, ९०० पैकी ३०० मार्क तिथं नुसते गणिताचे असतात. क्लासच्या फीसाठी वडिलांनी भाव यायच्या आधीच कापूस विकला होता, घरात कोणी बोलत नव्हतं पण सगळ्यांना पाठ होतं. पोरगं एनसीसीत होतं, पण "नुसता टाइमपास जी".

पहिल्या दोन-तीन भेटी मी काहीच समजावलं नाही. तो फिरून फिरून एकच वाक्य बोलायचा, "ऑफिसर व्हाचं तं एनडीएतूनच." मी वीसेक वर्षं हे काम करते, 'असंच झालं पाहिजे' या हट्टानं माणूस दुःखी होतो म्हणणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसला मानते, त्यामुळं माझा कान अशा 'च'वर जातोच (घ्या, माझ्याही वाक्यात आला). त्याला म्हटलं हे कागदावर लिही आणि 'च' खोड.

त्यानं खोडला, वाचलं, हसला. "मॅडम, हे तं अर्धवट वाटून रायलं."

"मग पूर्ण कर."

त्यानं पुढं लिहिलं, 'नाहीतर'. आणि पेन तिथंच थांबला. मी पण गप्प. बाहेर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं तेवढाच आवाज. बऱ्याच वेळानं मान खाली घालून लिहिलं, 'नाहीतर बाबाचा कापूस वाया गेला'.

मला तेव्हा कळलं की हा एनडीए आणि एनसीसी अशी तुलना करतच नव्हता, हा उधारी मोजत होता. बाहेर बाकावर बसलेल्या वडिलांना आत बोलावलं, कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "अबे, कापूस तं दरवर्षीच जाते, त्याचं तू कायले घेऊन बसला?" पोरगं रडलं. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी स्वतःचं जरा कौतुक वाटलं, कारण पहिल्याच भेटीत मी माहितीचा कागद हातात दिला असता तर त्यानं तो घडी करून खिशात घातला असता.

माहिती मग दिली, ती तुमच्यासाठीही. एनडीएत तीन वर्षं खडकवासल्याला, मग आर्मीवाल्यांना एक वर्ष डेहराडूनला आयएमए या लष्करी अकादमीत. राहणं, शिकणं, ट्रेनिंग सरकारी खर्चानं आणि पर्मनंट कमिशन, म्हणजे रिटायर होईपर्यंतची अधिकारपदाची नोकरी, ही मोठीच गोष्ट आहे, तिला कमी लेखू नका. कॉलेजचा रस्ता वेगळा. ग्रॅज्युएशनला किमान ५० टक्के, एनसीसीचं सी (सगळ्यात वरचं) सर्टिफिकेट किमान बी ग्रेडचं, तर एनसीसी स्पेशल एंट्रीला लेखी परीक्षाच नाही, अर्जातून निवडले की थेट एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत. ती मात्र एनडीएवाल्यांसारखीच पाच दिवसांची, तिथं सूट नाही. पास झालात की ओटीए या ऑफिसर ट्रेनिंगच्या अकादमीत ४९ आठवडे ट्रेनिंग, आणि बाहेर पडताना तोही लेफ्टनंटच. फरक कमिशनमध्ये. हे शॉर्ट सर्व्हिस, १० वर्षं, पुढं ४ वाढू शकतात, पेन्शनला २० लागतात. ज्या घराला पेन्शनचाच आधार हवा त्यांनी हे आधी बोलून घ्या, आणि सीडीएसमधून, म्हणजे ग्रॅज्युएशननंतरच्या लेखी परीक्षेतून, आयएमएचाही विचार करा, पण त्यात गणित आहे. सीडीएसमधूनच ओटीए घेतलं तर गणिताचा पेपर नाही.

आणि एक, आपल्याकडं पोरं एनसीसीचं सेकंड इयरला विचारतात. तेव्हा उशीर झालेला असतो. सी सर्टिफिकेटसाठी परेड, कॅम्प, हजेरी सगळं मोजतात, म्हणून ॲडमिशनच्या वेळीच नाव द्या. जागा कमी असतात, युनिटवाले पळायला लावून निवडतात. पोरींनो, तुम्हीपण, स्पेशल एंट्री तुम्हालाही आहे.

तो आता फायनलला आहे, बी सर्टिफिकेट झालं. मागच्या आठवड्यात त्याच्या वडिलांचा फोन आला, पेरणीच्या घाईत, मागं ट्रॅक्टरचा आवाज. "मॅडम, त्या सी सर्टिफिकेटच्या परीक्षेले गणित असते का जी?"

नाही म्हटलं.

"बस मंग," म्हणाले आणि फोन ठेवला.