उत्तर: कन्सल्टंट 'वरचे' मागतोय, द्यावे का?

शेड उभी, मशिनं आलेली, बँकेचा हप्ता चालू, परवान्याची फाइल मात्र हलत नाही आणि कन्सल्टंट म्हणतो, "फी थोडी वाढवून द्या, बाकी मी बघतो." तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या वर्कशॉपचे सुरुवातीचे दिवस आठवले. मी वकील नाही, तेव्हा एखाद्या वकिलाला विचारूनच काय ते करा.

बिलावर 'लायझनिंग चार्जेस' (सरकारी कामं करून देण्याची फी) लिहिलं म्हणून तुम्ही सुटत नाही. 2018च्या दुरुस्तीपासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाऱ्यालाही 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या कामासाठी एजंटाने दिली तरी फर्म अडकू शकते, अगदी भागीदारी असली तरी. जबरदस्तीने द्यावी लागली तर 7 दिवसांत तक्रार करायची असते. माझं ऐकाल तर देण्याआधीच लाचलुचपत खात्याला 1064वर फोन करा.

पण आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते वेगळंच एक कार्यालय. नाव घेत नाही. तिथे पैसे कुणी मागितले नाहीत, फक्त अर्ज घेत नसत. खिडकीवरचा माणूस कागद चाळायचा, कोपऱ्यात पेन्सिलीने टिंब काढायचा आणि "साहेबांना भेटून या" म्हणत परत द्यायचा. साहेब कायम साइटवर. इनवर्ड नंबर (अर्ज आल्याची नोंद) नाही, म्हणजे कागदोपत्री आम्ही तिथे गेलोच नव्हतो. मग उशीर कुणाचा मोजणार?

शेवटी अर्ज पोस्टाने पोचपावतीसह पाठवला, तोही औद्योगिक वसाहतीतल्या संघटनेच्या पत्रासोबत. संघटनेचं पत्र फार महत्त्वाचं. एकटा कारखानदार डोळ्यांवर येतो, सगळ्या वसाहतीला कोण खुन्नस देणार? तुमची सेवा 2015च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहे का, ते 'आपले सरकार' पोर्टलवर बघा. असेल तर मुदत ठरलेली असते, नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं आणि 30 दिवसांत अपील करता येतं. काम टाळणाऱ्या अधिकाऱ्याला दंड 500 ते 5,000 रुपयेच आहे, म्हणून कुणी हसेल. पण तो साहेबाच्या खिशातून जातो, त्यामुळे झोंबतो.

थोडं विषयांतर. आमच्याच संघटनेत भ्रष्टाचारावर तावातावाने बोलणारे काही जण जॉबवर्कवाल्यांची बिलं सहा-सहा महिने दाबून बसतात. लघुउद्योगाचे पैसे करार असला तरी 45 दिवसांत द्यायचे, नसेल तर 15. पुढे रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हाही कायदाच ना? तो फक्त खिडकीपलीकडच्यांनीच पाळायचा का? असो.

तुमच्या अर्जाला इनवर्ड नंबर पडलाय का, तेवढं कळवा. नसेल तर कन्सल्टंटचं नंतर बघू, आधी पोच घ्या.