खोल समुद्रातला आयसोपॉड आणि कातडीवरचा जीवाणू

प्रश्न : आमचा हर्णैला मासळी खारवण्याचा धंदा आहे. मुलाच्या पुस्तकात खोल समुद्रातल्या महाकाय आयसोपॉडची माहिती होती आणि माणसाच्या कातडीवर राहणाऱ्या जीवाणूंचीही. या दोघांत अधिक चिवट कोण? आणि दिवसभर मिठात असलेल्या आमच्या हातांवर ते जीवाणू तगतात कसे?
— एक वाचक

उत्तर : हा आयसोपॉड म्हणजे कुर्ल्या-कोळंबीच्या दूरच्या नात्यातला, चौदा पायांचा कवचधारी प्राणी. बॅथिनोमस जायगँटियस या त्याच्या जातीचे वर्णन १८७९ साली झाले. हजार मीटर खोलीवर पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे शंभरपट असतो. पण त्याच्या शरीरात हवेची पोकळी नसल्यामुळे तो चिरडला जात नाही. त्याची खरी अडचण अन्नाची. वरून मेलेला मासा तळाशी आला तरच पोट भरायचे, म्हणून मिळेल तेव्हा तो भरपूर खातो आणि एरवी शरीराचा खर्च अगदी कमी ठेवतो. जपानमधल्या तोबा मत्स्यालयातल्या अशाच एका प्राण्याने जानेवारी २००९ मध्ये मासा खाल्ला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये मरेपर्यंत पुन्हा काहीही खाल्ले नाही.

तरीही माझा कौल जीवाणूला आहे. खोल समुद्र खडतर खरा, पण तिथला अंधार आणि गारवा बारा महिने सारखाच असतो. तुमच्या हाताचे तसे नाही. सकाळी बांगड्यांना मीठ चोळताना कोपरापर्यंत घाम येतो, दुपारच्या उन्हात तो वाळून मनगटावर पांढरी पापडी धरते आणि संध्याकाळी साबणाने सगळे धुऊन निघते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, कातडीवर राहणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हा जीवाणू हे सगळे एका दिवसात सोसतो. समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण साडेतीन टक्के असते, तर हा जीवाणू साडेसात टक्के मिठातही वाढतो. प्रयोगशाळेत त्याच्या कुळातले जीवाणू वेगळे काढण्यासाठी मुद्दाम तेवढे मीठ घातले जाते, कारण त्यात इतर बरेच जीवाणू वाढत नाहीत. हात धुतल्यावर वरवरचे जीवाणू जातात, पण केसांच्या मुळांशी दडलेले उरतात आणि झपाट्याने पुन्हा पसरतात.

निरोगी कातडीवर तो सहसा निरुपद्रवी असतो. उलट, रोगकारक जीवाणूंना तिथे सहज जागा मिळू देत नाही. मात्र काटा रुतला किंवा कुर्लीच्या नांगीने हात कापला, तर मिठाने जंतू मरतील या भरवशावर राहू नका. जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, आणि हात सुजून लाल झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.