जाळं कापलंस, ते आधी बोल

“ताई, मी पंचवटीत राहते. सासरचे लोक भोई, मूळचे नांदूर मधमेश्वरच्या बाजूचे. तिकडची मासेमारी कशी संपत गेली यावर आम्ही गल्लीतल्या चौदा जणांनी नाटक बसवलंय. दिग्दर्शक म्हणतो, राज्य नाट्य स्पर्धेत उतरवू. बाकीच्यांना ते गोदाघाटावर करायचंय. रोज भांडणं होतात, नवरा म्हणतो सोडून दे. मागच्या पडद्यासाठी नानांचं (सासऱ्यांचं) जुनं फेकजाळं माळ्यावरून काढून मापाने कापून घेतलं, ते छान दिसतं. नायकाच्या हातातलं जाळं मात्र गोळा होऊन पडतं. दिग्दर्शक म्हणतो, लाइट इफेक्टने झाकू. नाना आधी तालमीला यायचे, हल्ली गुडघे दुखतात म्हणतात. मी ग्रुप सोडू का?”
– गोदाकाठची सून

अगं,

दिग्दर्शक किती हट्टी, नवरा कशी साथ देत नाही, हे सगळं मी एकदा वाचलं. जाळ्याचं वाक्य चार वेळा वाचलं. “मापाने कापून घेतलं, छान दिसतं.” कुणाला विचारून कापलंस? विचारलं असतंस तर तसं लिहिलं असतंस.

ताग्यातून कापड कापावं तसं फेकजाळं कापता येत नाही. ते शेंड्यापासून विणायला घेतात आणि फेरागणिक डोळे वाढवत नेतात, म्हणून ते गोल होतं. कडेला शिशाची वजनं ओवतात. फेकणारा एक कड दातात धरतो, बाकीचं दोन हातांत वाटून घेतो, कमरेतून वळतो आणि सोडतो. तेव्हा ते पाण्यावर भाकरीसारखं गोल पडतं आणि शिशाच्या वजनाने खाली बसतं. त्या गोलाला एक चीर गेली की संपलं. तुमच्या नायकाच्या हातात पडद्यातून उरलेला तुकडा आहे ना? मग तो उघडणार कसा? कुठल्याही लाइटने उघडणार नाही.

आणि नानांचे गुडघे दुखत नाहीयेत. तालमीत समोरच त्यांचं जाळं टांगलंय, चौकोनी केलेलं. ते बघवत नाही त्यांना. सुनेला बोलायचं नाही, म्हणून गुडघ्यांवर घालतात. नदी सुटली तरी त्यांनी ते जाळं विकलं नाही, कुणाला देऊन टाकलं नाही, शहरात येताना सोबत आणलं. माळ्यावर असलं म्हणजे ती अडगळ होत नाही गं.

संहितेचे दोन प्रवेश तू पत्रासोबत पाठवलेस. १९६५ मध्ये पुरं झालेलं गंगापूर धरण त्यात आहे. १९८६ चं नांदूर मधमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे, २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जगाच्या दृष्टीने महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं तेही आहे. नाशिकचं सांडपाणी आहे, पाणवेली आहेत. सगळं खरं आहे आणि ते बोललंच पाहिजे. दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला येणाऱ्यांना कळू दे, गोदा-कादवा नद्यांच्या त्या पाण्यावर माणसंही जगत होती. पण तुझ्या दोन प्रवेशांत एकाही माशाचं नाव नाही. मरळ नाही, वाम नाही, शिंगाडा नाही. जाळ्यात पहिल्यांदा चिलापी (तिलापिया, बाहेरून आलेला मासा) आली तेव्हा काठावरची माणसं काय म्हणाली, ते नाही. कुठल्या डोहावर कोणत्या वेळी जायचं, हे नाही. कसं असेल? ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना तू प्रेक्षकांत बसवलंस आणि त्यांच्या जाळ्याचा पडदा केलास.

आज तालमीला जाऊ नकोस. पडदा उतरव, दोन्ही तुकडे पिशवीत घाल, नानांसमोर ठेव आणि एवढंच म्हण, “नाना, न विचारता कापलं. चुकलं माझं.” कारणं देऊ नकोस. “तुम्हाला आवडेल असं वाटलं” हे तर अजिबात नको. मग तिथेच बस. रागावले तर ऐकून घे. काहीच बोलले नाहीत तर उद्या पुन्हा जाऊन बस. जाळं सांधायचं की तसंच ठेवायचं, हे ते ठरवतील. सांधायचं म्हणाले तर सुई तू धर, ते सांगतील तशी गाठ मार. चुकली की उसवायला लावतील. लावू दे. तुझ्या नायकालाही शेजारी बसव. त्याचे हात अजून कोरे आहेत.

तोवर ग्रुप सोडायचा की नाही, स्पर्धा की घाट, यावर कुणी तोंड उघडायचं नाही. (माझं मत विचारशील तर घाट. पण ते नंतर.) त्यात स्पर्धेची तारीख हुकली तर हुकू दे.

आणि दोरा आधीच विकत घेऊन जाऊ नकोस. केवढ्या जाडीचा लागेल ते नानांना विचार. जमलं तर त्यांना गाडीवर मागे बसवून दुकानात ने, हातात घेऊन बघू देत.