सुटल्यासारखं वाटलं, असं तू लिहिलंस

प्रिय,

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. ‘निकाल चांगला लागला, पण आनंद झाला नाही, सुटल्यासारखं वाटलं.’ आईबाबांच्या आग्रहाखातर घेतलेली शाखा बदलावी की नाही, हा तू विचारलेला प्रश्न त्यापुढे मला दुय्यम वाटतो.

आपण आहोत कसे, व्हावंसं वाटतं कसं आणि व्हायलाच हवं कसं, अशी तीन रूपं माणूस मनात बाळगतो, असं मानसशास्त्रज्ञ टोरी हिगिन्स यांनी १९८७ मध्ये मांडलं. हवंसं वाटणारं रूप हुकलं की माणूस खिन्न होतो. ‘व्हायलाच हवं’ ते हुकेल असं वाटलं की धास्तावतो. तुझ्या मनात ही धास्ती आहे. म्हणून यश मिळूनही ते तुला लाभत नाही, फक्त पुढच्या परीक्षेपर्यंत संकट टळतं. यात तुझा दुबळेपणा मुळीच नाही.

आईबाबांवर रागावू नकोस, असं मी सांगणार नाही. राग येईल, येऊ दे. त्यांचा आग्रह बहुधा काळजीपोटी असतो, हेही खरं. पण त्यांची काळजी मिटवणं हेच तुझ्या आयुष्याचं काम होऊ शकत नाही.

मात्र त्यांनी सांगितलेलं सगळं झुगारून देण्याची घाई करू नकोस. नेमकं उलटं करणाऱ्याचीही दिशा शेवटी तेच ठरवत असतात. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये अशा तरुणांचं वर्णन केलं, ज्यांनी काहीही पारखून न पाहता थोरांनी दिलेली वाट पत्करलेली असते. ते बाहेरून अगदी स्थिर दिसतात. तुझं पारखणं राहून गेलंय. एखादा विषय शिकून बघ, आवडला नाही तर सोड. कदाचित सध्याचीच शाखा आवडेल, पण मग ती तुझी असेल.

घरी मोठी घोषणा नको. ‘या सहामाहीत मी हा वर्ग लावणार आहे, आणि रोज फोनवर मार्कांचं बोलणं मला झेपत नाही,’ एवढंच सांग. आवाज कापला तरी वाक्य पूर्ण कर. लगेच पटणार नाही. पुन्हा सांगावं लागेल.

झोप उडाल्याचं तू ओझरतं लिहिलंयस. उदासी, झोप न लागणं, कशातच मन न रमणं हे दोन आठवडे टिकलं, तर समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटायलाच हवं. जीव नकोसा वाटला तर एक दिवसही थांबू नकोस, त्याच क्षणी कुणाला तरी सांग, मला फोन कर. भेटीची वेळ ठरली की कळव. एकटीने जावंसं वाटत नसेल, तर मी सोबत येईन.

तुझी,
ताई