दिवाळसणाआधी फरशी: कर्ज काढावं, ठेव मोडावी की आरडीवर भागवावं?

कराड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. घर १९९८ सालचं, खाली सिमेंटचा कोबा. तो आता जागोजाग खरवडलाय, कितीही झाडलं तरी धूळ निघतेच. या दिवाळीला लेकीचा पहिला दिवाळसण, जावई घरी येणार. चार खोल्या मिळून ५६० चौरस फूट. एक गवंडी म्हणतो, कोब्यावरच सिरॅमिक फरशी बसवू, ५५,००० रुपयांत होईल. दुसरा म्हणतो, कोबा फोडल्याशिवाय टिकणार नाही, ९०,००० लागतील. बँक १ लाखाचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी द्यायला तयार आहे. हाताशी १,८०,००० रुपयांची मुदतठेव आणि त्याच बँकेत महिना ३,००० ची दोन वर्षांची आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव), फेब्रुवारीत मुदत संपणारी. घरखर्च महिना ३०,०००.

ताई, फरशी बसवा. लेकीचा पहिला दिवाळसण एकदाच येतो आणि ही हौस अगदी रास्त आहे. पण १ लाखाचं कर्ज घेऊ नका, आणि त्या ठेवीला तर हात लावूच नका.

ठेवीचं आधी सांगते. १,८०,००० म्हणजे तुमचा बरोबर सहा महिन्यांचा घरखर्च. घरात सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात असं तुम्हीच लिहिलंय. दवाखान्याची वेळ आली तर हाच पैसा उपयोगी पडेल. कर्जाचा हिशोब असा: महिना सुमारे ३,४१८ रुपये हप्ता, तीन वर्षांत व्याजच २३,००० च्या वर, शिवाय प्रक्रिया शुल्क. तुम्ही आरडी संपली की तेच पैसे हप्त्याला लावायचं म्हणता. म्हणजे पुढची तीन वर्षं तुमची बचत शून्य.

पैशाच्या आधी कोबा बघा, कारण ५५ की ९० हे तिथेच ठरतं. कोबा घट्ट, कोरडा आणि सपाट असेल तर फोडायची काही गरज नाही. फोडणं, राबिट (फोडलेला मलबा) उचलणं, नवा थर घालणं हा सगळा खर्च वाचतो. हातोडीने हलकं ठोकत सगळी जमीन फिरा. जिथे पोकळ वाजेल तिथे खडूने खूण करा, तेवढाच भाग काढून भरून घ्यायचा. केसासारख्या भेगा चालतात. पण भेगेची एक कड वर आणि दुसरी खाली असेल तर जमीन खचलीय, तिथे वरून बसवलेली फरशीही त्याच रेषेत फुटेल. मग दोन-दोन फुटांचे प्लास्टिकचे तुकडे चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवसभर ठेवा. खाली दव जमलं किंवा कोबा काळपट दिसला तर ओल आहे. तुम्ही लिहिलंय की न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीत भिंतीचा पोपडा निघतो. ती खोली यंदा सोडाच. गळती थांबवल्याशिवाय तिथे घातलेला पैसा वाया जाईल.

गुळगुळीत कोब्यावर नुसत्या सिमेंटच्या पाण्याने फरशी धरत नाही. कोबा घासून खरखरीत करायला सांगा, तेलाचा डाग किंवा जुना रंग असेल तर तो पूर्ण काढायला सांगा, आणि फरशी आयएस १५४७७ ची खूण असलेल्या टाइल अ‍ॅडेसिव्हनेच (फरशी चिकटवायच्या तयार मसाल्याने) बसवून घ्या. दातेरी थापीने सगळीकडे सारखं पसरायचं, चार कोपऱ्यांना चार गोळे ठेवून नाही. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात गवंड्याने असेच गोळे ठेवले होते. सहा महिन्यांत भरलेला गॅस सिलिंडर जरा जोरात टेकला आणि फरशीचा कोपरा कट्कन खाली गेला. खाली हात घातला तर बोटभर पोकळी. त्या एका फरशीसाठी शेजारच्या तीन काढाव्या लागल्या.

वरून बसवल्यावर जमीन साधारण अर्धा इंच वर येते. दारं खालून तासावी लागतील आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याचा उतार बघावा लागेल. ५५,००० च्या अंदाजात हे धरलेलं दिसत नाही. माझा हिशोब असा: ४८ रुपये फुटाची दोन बाय दोनची फरशी, तुटफूट आणि स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) धरून ४३ पेट्या, म्हणजे ३२,०००. अ‍ॅडेसिव्हच्या १३ गोण्या साडेपाच हजार, मजुरी ३० रुपये फुटाने १६,८००, स्कर्टिंग बसवणं, सांधे भरणं आणि दारं मिळून ७,०००. एकूण ६१,००० च्या पुढे. कोबा उंचसखल निघाला तर गोण्या वाढतात, म्हणून ६७,००० धरून चाला.

आता पैसे कुठून? ऑक्टोबरपर्यंत आरडीत २१ हप्ते, ६३,००० रुपये मुद्दल जमेल. बँका साधारणपणे आरडीवर जमेच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देतात आणि ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त घेतात. तुमची आरडी साडेसहा टक्क्यांची आहे, म्हणजे साडेआठ धरू. ५०,००० उचलले तर फेब्रुवारीपर्यंतच्या चार महिन्यांचं व्याज सुमारे १,४०० रुपये. कुठे २३,००० आणि कुठे १,४००! त्या ५०,००० त सगळ्या घराची फरशी आताच घ्या, पण दिवाळीआधी फक्त सोपा (बाहेरची खोली) आणि स्वयंपाकघर उरका. फेब्रुवारीत आरडीचे ७७,००० च्या आसपास येतील, कर्ज फिटून पंचवीसेक हजार उरतील. त्यात आतली एक खोली होईल, आणि ओलीच्या खोलीचं गळतीचं कामही निघेल.

सगळी फरशी एकदम घ्यायचं कारण म्हणजे छटा. पेटीवर छापलेला बॅच नंबर बदलला की तोच डिझाइन नंबर असूनही रंग किंचित वेगळा येतो. दुकानदार चकचकीत माल पुढे करेल, पण सासूबाईंसाठी मॅट फिनिशच घ्या. पाणी सांडलेल्या गुळगुळीत फरशीवर त्यांचा पाय सरकला तर? जीएसटीचं पक्कं बिल मागा आणि घराच्या कागदांत लावून ठेवा, पुढे कधी घर विकलं तर कर काढताना सुधारणेचा खर्च दाखवायला ते उपयोगी पडेल. कामानंतर एखादी पेटी उरली तर परत करू नका. माळ्यावर ठेवा, चार वर्षांनी एखादी फरशी फुटली तर तो रंग बाजारात मिळणार नाही.